पुस्तक कपाटात आहे, मग विषयसूचीत का दिसत नाही?

तक्रार दर महिन्याला येते, फक्त माणूस बदलतो. वाचनालयाच्या संगणकावर ‘विषयानुसार पाहा’ उघडलं, वर्णानुक्रमे विषयशीर्षकांची यादी आली, हवा तो शब्द टाकला आणि भलतंच काहीतरी समोर आलं. नाहीतर शब्द सापडला, पण त्याखाली दोनच पुस्तकं, आणि शेजारच्या कपाटात त्याच विषयाची अख्खी रांग लागलेली. बडोद्याच्या दांडिया बाजारातले एक काका वैतागून म्हणाले, “तुमच्या मशीनला मराठी येत नाही.” अर्धं खरं आहे ते. उरलेलं अर्धं असं, की ही यादी आपण समजतो तशी शोधतच नाही.

घाईत असाल तर एवढं करून बघा. शब्दाकडून पुस्तकाकडे जाण्याऐवजी उलटीकडून या. त्या विषयावरचं एखादं पुस्तक तुम्हाला नक्की माहीत असतं. ते नावाने शोधा, त्याची पूर्ण नोंद उघडा आणि खाली ‘विषय’ म्हणून जे निळ्या अक्षरांत दिसतं त्यावर टिचकी मारा. वाचनालयाने त्या विषयाला कोणतं नाव दिलंय, कोणत्या लिपीत दिलंय आणि यादीत ते कुठे बसलंय, तिन्ही गोष्टी एका फटक्यात कळतात. काउंटरवर आलेल्या बहुतेकांचं काम इथेच होतं. ज्यांचं होत नाही त्यांच्यासाठी आणि ज्यांना हे पुन्हापुन्हा निस्तरावं लागतं त्या वाचनालयातल्या मंडळींसाठी पुढचं.

यादी डावीकडून वाचते

कीवर्डच्या शोधात शब्द नोंदीत कुठेही असला तरी चालतो. वर्णानुक्रमे यादीत तसं नसतं. तिथे शीर्षकाचं पहिलं अक्षर, मग दुसरं, मग तिसरं, असं जुळवत जातात. तुम्ही ‘मराठ्यांचा इतिहास’ टाकलंत आणि शीर्षक ‘मराठे -- इतिहास’ असेल, तर दोन्ही म मध्येच असूनही तुम्ही चुकीच्या जागी उतरता. ‘भारतातील मंदिरे’ टाकलंत तर सरळ भ मध्ये जाता आणि पुस्तकं बसलेली असतात ‘मंदिरे -- भारत’ खाली. त्यातली खोच अशी, की यादी ‘सापडलं नाही’ असं कधी म्हणत नाही. जवळात जवळची ओळ दाखवून गप्प बसते. माणसाला वाटतं, वाचनालयात हा विषयच नाही.

म्हणून एकच शब्द टाका, मुख्य वस्तूचा. स्थळ, काळ, प्रकार हे सगळं दोन रेघांच्या पुढे येतं.

तो शब्दही नेमका हवा. चार्ल्स कटर या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली कोशासारख्या सूचीचे नियम छापले, त्यातला एक नियम आजही जगभर चालतो: पुस्तक ज्या विषयावर आहे त्याच्याच नावाखाली ठेवायचं, त्याला पोटात घेणाऱ्या मोठ्या वर्गाखाली नाही. तमाशावरचं पुस्तक ‘तमाशा’ खाली, ‘लोककला’ खाली नाही. वाचक सवयीने मोठा शब्द टाकतो, तिथे चार ढोबळ पुस्तकं मिळतात आणि तो निघून जातो. यासाठीच ‘हेही पहा’ अशा नोंदी असतात. असतात म्हणजे असायला हव्यात. घाईने संगणकीकरण केलेल्या कितीतरी सूचींत त्या राहूनच गेल्या आहेत.

मराठी पुस्तक, इंग्रजी शीर्षक

बडोद्यात ही अडचण जरा जास्तच भोवते, कारण एका छपराखाली मराठी, गुजराती, इंग्रजी, हिंदी आणि संस्कृत पुस्तकं असतात. मोठ्या वाचनालयांत सगळ्यांची विषयशीर्षकं एकाच भाषेत, म्हणजे इंग्रजीत, द्यायची पद्धत आहे. पुस्तकाचं नाव देवनागरीत, लेखक देवनागरीत आणि विषय ‘मराठी लिटरेचर’ असा रोमन लिपीत. तुम्ही देवनागरीत विषय टाकता तेव्हा तिथे काही नसतंच. यात बिघाड काही नाही, ते धोरण आहे. पटो न पटो, शोधताना ते धरूनच चालावं लागतं.

आणि रोमन लिपी म्हणजे आपण फोनवर लिहितो ती नव्हे. ग्रंथालयांच्या लिप्यंतरात ज्ञ हा जे आणि एन या अक्षरांनी लिहितात, आपल्यासारखा डी-एन-वाय करून नाही. म्हणून ज्ञानेश्वरीवरची इंग्रजी नोंद डीच्या पानावर शोधणारा मराठी माणूस हमखास रिकाम्या हाताने येतो. जे उघडा.

गावाच्या नावाचीही तीच गत. शहराचं नाव १९७४ साली सरकारी कागदोपत्री वडोदरा झालं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या शीर्षकांत, ज्यांवरून आपल्याकडची पुष्कळ वाचनालयं नकला उतरवतात, आजचं शहर ‘वडोदरा’ म्हणून व्ही मध्ये आहे आणि १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झालेलं संस्थान ‘बरोडा, प्रिन्सली स्टेट’ म्हणून बी मध्ये. म्हणजे गायकवाडी राज्यकारभारावरचं पुस्तक आणि शहरातल्या मांडवी भागाच्या वाहतुकीवरचा अहवाल यांच्यामध्ये अख्खी वर्णमाला आडवी. मराठीत शीर्षकं देणाऱ्या वाचनालयात बडोदे, बडोदा आणि वडोदरा या तिन्ही जागा बघाव्या लागतात. घरात आपण बडोदंच म्हणतो, पण नोंद करणाऱ्याने समोरच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर असेल ते उचललेलं असतं.

सयाजीराव महाराजांबद्दल विचारणारे पुष्कळ असतात. त्यांना एकच सांगते, ग मध्ये जाऊ नका. राजघराण्यातल्या व्यक्तीची नोंद आडनावाखाली करत नाहीत, नावाखाली करतात. स मध्ये बघा. आणि ‘लेखक’ व ‘विषय’ या दोन वेगळ्या याद्या आहेत हे विसरू नका: महाराजांची भाषणं लेखकाच्या यादीत, महाराजांची चरित्रं विषयाच्या. अरविंद घोष १८९३ ते १९०६ इथे होते, त्यांच्यावरचं इथे बरंच वाचलं जातं. तिथे ‘घोष’, ‘अरविंद’ आणि ‘श्री अरविंद’ अशा तिन्ही ठिकाणी डोकावायला हवं. सूची नीट ठेवलेली असेल तर दोन ठिकाणी ‘पहा’ अशी नोंद येऊन ती तुम्हाला तिसरीकडे धाडते.

देवनागरीचा क्रम संगणकाचा वेगळा

आता काकांच्या अर्ध्या खऱ्याकडे. ज्या सूचीत शीर्षकं मराठीत आहेत तिथेसुद्धा शब्द चुकतात, कारण बऱ्याच प्रणाली मराठी वर्णक्रम न वापरता युनिकोडमधल्या, म्हणजे संगणकाने प्रत्येक अक्षराला दिलेल्या, अंकांच्या क्रमाने ओळी लावतात. तो क्रम आपल्या बाराखडीशी पुष्कळसा जुळतो, म्हणून संशय येत नाही. जिथे जुळत नाही तिथे मात्र माणूस हरवतो.

क्ष आणि ज्ञ आपण शाळेत शेवटी म्हटलेले. संगणकाला ती जोडाक्षरं दिसतात. क्षयरोग हा क मध्ये जातो, कौटिल्य होऊन गेल्यावर, क्रिकेट आणि क्लोरीनच्याही नंतर, ख सुरू व्हायच्या जेमतेम आधी. ज्ञानेश्वर जौहरनंतर आणि ज्योतिषाच्या आधी. ळ आपल्याकडे ह नंतर येतो. अंकांच्या क्रमात तो ल आणि व यांच्या मधे आहे, त्यामुळे ‘काळे’ हे ‘कावळे’च्या अलीकडे दिसतील. अनुस्वार सगळ्यांत आधी: अंदमान हे अकबराच्या आधी.

सगळ्यांत वाईट ॲ. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आलं आणि त्याला जागा मिळाली सगळ्या व्यंजनांच्या मागे. म्हणून ‘ॲलर्जी’ अ मध्ये सापडत नाही, ती यादीच्या तळाशी, हैदराबाद आणि होमिओपथी संपल्यावर एकटी बसलेली असते. पण तोच शब्द कुणी अ वर अर्धचंद्र देऊन टंकला असेल, तर दिसायला तस्साच, आणि जागा अ मध्ये, अहिल्याबाईंच्या नंतर. एकच विषय, दोन टोकांना. पुस्तकं निम्मी इकडे, निम्मी तिकडे.

जुळी शीर्षकं

हे ॲचं प्रकरण एकटं नाही. यादीत कधीकधी असं दिसतं:

कादंबरीकार
कादंबर्‍या
कादंबऱ्या

खालच्या दोन ओळी डोळ्यांना एकच आहेत. दोन्हींवर टिचकी मारा, पुस्तकं वेगवेगळी येतात. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर टंकून त्याला पाय मोडून य जोडलाय. दुसरीत साधा र, त्याचा पाय मोडलेला आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह, जे फक्त ‘हा र असा आडवा दाखव’ एवढंच सांगतं. कुठला कीबोर्ड वापरला किंवा जुन्या फॉन्टमधला मजकूर कोणत्या कन्व्हर्टरमधून काढला, यावर ते ठरतं.

खात्री करायची सोपी युक्ती आहे. दोन्ही शीर्षकं कॉपी करून एक्सेलच्या दोन चौकटींत टाका आणि शेजारी अक्षरघटक मोजणारं लेनचं सूत्र लावा. पहिल्या कादंबर्‍यांचे १० येतील, दुसऱ्यांचे ९. ॲलर्जीला एकीकडे ६ आणि दुसरीकडे ७. एक्सेल नसेल तर शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवून बॅकस्पेस दाबत जा. बहुतेक ठिकाणी मराठीत एकेक घटक पुसला जातो. ‘कादंबऱ्या’ला एकीकडे एक दाब जास्त लागला, तर तिथे अदृश्य चिन्ह बसलंय.

‘दुःख’ मध्ये विसर्गाऐवजी कोलन टंकणारे तर निम्मे लोक असतील. कोलनचा त्रास दुहेरी: शीर्षक वेगळं होतंच, शिवाय काही प्रणाली कोलन दिसला की त्याला शोधाची आज्ञा समजतात आणि शोधच आडवा होतो. त्याच माळेत शीर्षकाच्या शेवटी राहून गेलेला पूर्णविराम, दोन शब्दांमधली जादा मोकळी जागा, आणि ‘ग्रंथ’ व ‘ग्रन्थ’.

वाचक म्हणून यावर तुमच्या हातात एवढंच आहे, की ओळ सापडली तरी तिच्या वरच्या-खालच्या दोन-चार ओळी वाचायच्या. आणि ॲ असेल तर यादीचा तळ बघायचा.

कार्डांच्या काळात हा घोळ नव्हता, असं जुने वाचक हटकून सांगतात. सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावलं, त्यांनी ड्यूई आणि कटर या दोघा अमेरिकन ग्रंथपालांच्या पद्धती एकत्र करून इथली वर्गीकरणपद्धत बसवली, तेव्हापासून बडोद्याला कार्डाच्या खणांची सवय आहे. त्या खणांत घोळ कमी होता यात तथ्य आहे, पण त्याचं श्रेय कार्डाला नाही. कार्ड लावणारा माणूस दोन सारखी कार्डं हातात आली की ती एकामागे एक ठेवायचा. शाई कुठल्या दौतीतली होती याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

‘मराठी कादंबरी’ खाली कादंबऱ्याच नाहीत

ही तक्रार इतकी नेहमीची आहे, की तिचं उत्तर काउंटरवर लावून ठेवावं. ‘मराठी कादंबरी’ हे विषयशीर्षक कादंबरीविषयीच्या पुस्तकांना देतात: समीक्षा, इतिहास, फार तर निवडक संग्रह. स्वतः कादंबरीला परंपरेने विषयशीर्षक देतच नाहीत, कारण कादंबरीचा विषय ‘कादंबरी’ नसतो. काही वाचनालयं आता साहित्यप्रकार वेगळ्या रकान्यात भरतात, सगळी नाही.

कादंबऱ्याच चाळायच्या असतील तर विषयाची यादी सोडा आणि वर्गांकाने, म्हणजे पुस्तकाला दिलेल्या विषयाच्या आकड्याने, जा. ड्यूई पद्धत असेल तिथे ८९१.४६१ कविता, ८९१.४६२ नाटक, ८९१.४६३ कादंबरी-कथा, ८९१.४६४ ललित निबंध. गुजराती साहित्य लगेच पुढे, ८९१.४७ ला. वर्गांकाच्या यादीत लिपीचा, ऱ्हस्व-दीर्घाचा, ॲचा काहीही प्रश्न उद्भवत नाही. खरं सांगायचं तर मला स्वतःला मराठी पुस्तकं चाळायला हीच वाट आवडते.

वाचनालयात बसणाऱ्यांसाठी: साफ केलं तरी परत का येतं

उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून जुळी शीर्षकं एकत्र केली आणि दिवाळीपर्यंत तितकीच पुन्हा उगवली, हा अनुभव सगळीकडचा आहे. कारण आपण पुस्तकांच्या नोंदी दुरुस्त करतो आणि शीर्षकं जिथून येतात ती वाट उघडीच ठेवतो.

कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली वापरत असाल तर आधी ऑटोक्रिएटऑथॉरिटीज ही सेटिंग बघा. ती चालू असेल तर न जुळणारं प्रत्येक शीर्षक नवं अधिकृत शीर्षक म्हणून आपोआप दाखल होतं. अदृश्य जोडचिन्हवाली कादंबरी आली, की तिचं वेगळं बारसं झालंच. मराठी नोंदी करणाऱ्या वाचनालयाने ही सेटिंग बंदच ठेवावी असं माझं ठाम मत आहे. काम थोडं वाढतं, पण यादी आपली राहते.

दुरुस्ती करायची ती ऑथॉरिटीच्या, म्हणजे अधिकृत शीर्षकाच्या, नोंदीत. मान्य रूप १५० क्रमांकाच्या रकान्यात, बाकीची सगळी रूपं ४५० मध्ये, म्हणजे त्यांची ‘पहा’ नोंद होते. स्थळनामांसाठी तेच १५१ आणि ४५१: बडोदे ठेवायचं की वडोदरा, यावर वाद घालत बसू नका. एक ठरवा, बाकीची ४५१ मध्ये टाका. चुकीचं दिसणारं पण लोक टंकतात असं रूपही तिथे खुशाल घाला. ऑथॉरिटी बदलल्यावर पुस्तकांच्या नोंदी आपोआप बदलायला हव्यात. त्या बदलल्या नाहीत, तर त्या शीर्षकाला जोडलेल्या नोंदी किती ते बघा. कोहात मुळात ५० ची मर्यादा लावलेली असते, त्याहून जास्त असतील तर बदल क्रॉनवर, म्हणजे रात्री आपोआप चालणाऱ्या कामावर, ढकलला जातो. तो क्रॉनच लावलेला नसेल तर तो बदल होतच नाही, आणि आपण मात्र ‘सेव्ह तर केलं होतं’ म्हणत बसतो.

मराठी शब्द अजिबातच सापडत नसतील तर रोख वेगळा. कोहाचं शोधयंत्र झेब्रा असेल तर त्याचा इंडेक्स आयसीयू या युनिकोड जाणणाऱ्या पद्धतीने बांधलाय का ते तंत्रज्ञाला विचारा. जुन्या पद्धतीने बांधलेला इंडेक्स देवनागरीला न्याय देत नाही. आणि विषयांची खरीखुरी चाळता येणारी यादी कोहाच्या वाचकांच्या पानावर हवी असेल तर त्यासाठी इलॅस्टिकसर्च हे दुसरं शोधयंत्र लागतं, झेब्रावर ती मिळत नाही. तिथे ऑथॉरिटीचा शोध उघडून ‘ने सुरू होणारे’ निवडणं हाच पर्याय.

‘युनिकोड नॉर्मलायझेशन चालवा, सगळं एक होईल,’ असं सांगणारे भेटतील. होत नाही. नॉर्मलायझेशन म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी टंकलेली रूपं एक करणं; त्याने ऱ आणि नुक्ता (खाली टिंब) दिलेला र एक होतात, तेवढंच. जोडचिन्हवाला र त्यात बसत नाही, आणि ॲची दोन रूपंही युनिकोडच्या लेखी वेगळीच आहेत. त्यासाठी बदलांची स्वतःची छोटी तालिका करावी लागते: हे दिसलं की ते करा. तालिका आठ-दहा ओळींचीच होते. ती बाहेरून उतरवून घेतलेल्या नोंदी आत येतानाच लावा, महिन्यातून एकदा नंतर नव्हे. आणि नोंदी करणारे दोघे-तिघे असतील तर सगळ्यांच्या यंत्रांवर एकच कीबोर्ड बसवा. सुट्टीपुरत्या येणाऱ्या विद्यार्थ्यालासुद्धा तोच द्या. तो फोनवरून टंकून पाठवतो म्हणाला तर त्याचा मजकूर आधी तालिकेतून काढा.

वाचकाने तक्रार आणली तर ‘शोध चालत नाही’ एवढ्यावर भागवू नका. त्याने टंकलेला शब्द जसाच्या तसा कॉपी करून घ्या, हाताने पुन्हा टंकू नका. तुमच्या कीबोर्डवरून तो बरोबरच येईल आणि दोष दिसणारच नाही.